प्लेटोचं मॉडेल, अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप आणि सात अंशांची फट

मागच्या महिन्यात माझ्या चॅप्टरमधल्या एका वाक्याखाली गाइडनी पेन्सिलने रेघ मारली. एका जुन्या मॉडेलवरची टीका मी जशीच्या तशी उचलली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तू हे स्वतः करून पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. म्हणून आज अशाच उचललेल्या एका टीकेबद्दल.

'टिमियस'मध्ये प्लेटो म्हणतो की अग्नीचे कण चतुष्फलक, हवेचे अष्टफलक, पाण्याचे विंशतिफलक आणि पृथ्वीचे घन. वाचून हसू येतं. पण पुढे तो हिशेब मांडतो. पाण्याच्या कणाला 20 त्रिकोणी बाजू. त्या सुटल्या तर हवेचे दोन कण (8 + 8) आणि अग्नीचा एक (4) तयार होतो. घनाचे चौरस मात्र वेगळ्या जातीच्या त्रिकोणांचे, म्हणून पृथ्वीचं पाणी होत नाही. म्हणजे काय घडेल हे मॉडेल सांगतंच, पण काय घडणार नाही हेही सांगतं. मला हे त्याचं खरं बळ वाटतं. दुबळी बाजू कुठली? अग्नी टोकदार म्हणून भाजतो, हे. ती नुसती उपमा झाली, तिच्यामागे मोजमाप काहीच नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने 'ऑन द हेवन्स'मध्ये आक्षेप घेतला की कण पदार्थभर भरायचे तर मध्ये फट राहता कामा नये, आणि असे घट्ट बसणारे घनाकार दोनच: घन आणि चतुष्फलक. प्रश्न एकदम नेमका. उत्तर मात्र अर्धं चूक!

मी कार्डशीटचे पाच चतुष्फलक करून एका कडेभोवती चिकटवले. दोन बाजूंमधला कोन साधारण 70.53 अंश, म्हणजे पाचांचे 352.6. उरले 7.4 अंश. सहावा मावत नाही आणि फटही बुजत नाही. तासाभराचं काम. पण ही चूक स्पष्टपणे दाखवली गेली ती पंधराव्या शतकात, रेगिओमोंटानसच्या काळात. मधली सुमारे 1800 वर्षं काही भाष्यकार तर ती बरोबर कशी ठरेल याच्या युक्त्या शोधत होते. नाव मोठं असलं की असं होतं.

गंमत म्हणजे त्या फटीतच पुढे भौतिकशास्त्र सापडलं. द्रव धातू गोठणबिंदूच्या खालीही द्रव का राहू शकतात, यावर 1952 मध्ये फ्रँकने सुचवलं की एका अणूभोवती बारा अणू विंशतिफलकासारखे बसत असावेत. तेवढ्यापुरती ती रचना सोयीची, पण तिची पुनरावृत्ती करत जागा भरता येत नाही, म्हणून स्फटिक बनणं अडतं. 1982 मध्ये शेख्टमनना अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दहापदरी सममिती दिसली. नेहमीच्या स्फटिकात ती बसतच नाही. आधी लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, 2011 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा रिव्ह्यू लिहिताना मॉडेलइतकाच त्याच्यावरचा आक्षेपही तपासा. त्यातलं निदान एक गणित स्वतः करा. माझं ते रेघ मारलेलं वाक्य मी अजून परत लिहिलेलं नाही. आकडेमोड चालू आहे.