के-१००० ची कीर्ती

मुलीच्या हायस्कूलमधून फोटोग्राफीच्या वर्गासाठी सामानाची यादी आली, तीत पहिलेच नाव होते पेंटॅक्स के-१०००. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणत, तसे इथे विद्यार्थ्याचा फिल्म कॅमेरा म्हणजे के-१०००. १९७६ ते १९९७ अशी २१ वर्षे तो बनत होता. एवढी वर्षे टिकलेली वस्तू चांगलीच असणार, असे मानून आम्हीही एक घेतला. विकणाऱ्याने ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिले होते, आणि दिसायला तो होताही.

पहिला रोल मुलीने आजी-आजोबा भारतातून आले असताना काढला. ४०० आयएसओचा रोल आणि भर ऊन, म्हणून बहुतेक फोटो १/१००० वर. रोल धुऊन आला तेव्हा घरातले फोटो ठीक होते, पण उन्हातल्या प्रत्येक फोटोची एक बाजू काळी. एका फोटोत आजोबांचा फक्त खांदा आहे.

पोरीची चूक नव्हती. या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये कापडाचे दोन पडदे असतात आणि ते आडवे धावतात. १/६० वर पहिला पडदा पूर्ण उघडल्यावर दुसरा निघतो. वेग वाढवला की पहिला पोहोचण्याआधीच दुसरा सुटतो, आणि फिल्मवरून नुसती एक फट सरकत जाते. १/१००० ला ही फट जेमतेम तीनेक मिलिमीटरची. जुने वंगण घट्ट होऊन पहिला पडदा किंचित रेंगाळला, की दुसरा त्याला गाठतो, फट मिटते आणि उरलेली चौकट अंधारात राहते. दुकानात खटका दाबून पाहिला तर आवाज अगदी झकास येतो!

इथे एका लाडक्या समजुतीला हात घालायला हवा. ‘यांत्रिक तेच खरे, इलेक्ट्रॉनिक म्हणजे कचरा’ हे वाक्य जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांकडून मी असंख्य वेळा ऐकले आहे. माझे पोट सॉफ्टवेअरवर चालते, तेव्हा मी पक्षपाती आहे असे समजा. पण यांत्रिक कॅमेरा मरत नाही, तो हळूहळू खोटे बोलू लागतो. १९७६ चाच कॅनन एई-१ घ्या. त्यात वेळ मोजण्याचे काम इलेक्ट्रॉनिक आहे. सहा व्होल्टची बॅटरी संपली की तो सरळ संप पुकारतो. ही गैरसोय खरी, पण तीत लबाडी नाही. त्याचे खरे दुखणे दुसरेच: सर्किट गेले तर नवे मिळत नाही, दुसऱ्या मेलेल्या एई-१ मधून काढावे लागते. आणि ज्याला लोक ‘कॅननचा खोकला’ म्हणतात, ती शटरबरोबरची कुरकुर आरशाच्या यंत्रणेतले तेल सुकल्याची आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध आजार यांत्रिकच!

ऑलिम्पस ओएम-१ हा मला या सगळ्यांत देखणा वाटतो. लहानखुरा, आणि व्ह्यूफाइंडर असा की खिडकीतून पाहावे. पण त्याचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेला. अमेरिकेत त्या १९९६ च्या कायद्याने बंद झाल्या. शिवाय प्रिझमजवळचा फोम कुजून आतला चांदीचा मुलामा खातो. निकॉन एफएम-२ (१९८२) चे शटर धातूच्या पात्यांचे आणि उभे धावणारे. ३६ ऐवजी २४ मिलिमीटरच कापायचे असल्याने ते १/४००० पर्यंत जाते. पैसे असतील तर हा घ्यावा, यावर मी वाद घालणार नाही. पण शाळकरी मुलीच्या दप्तरात टाकायला मला तो महाग वाटला.

आता पुन्हा के-१००० कडे. हा मुळात पेंटॅक्सच्याच केएमची काटकसरी आवृत्ती. सेल्फ-टायमर काढला, डेप्थ ऑफ फील्ड पाहण्याची सोयही काढली. प्रकाशमापकाला बटण नाही, लेन्सवर झाकण ठेवायला विसरलात की बॅटरी उतरत राहते. १९७५ चा केएक्स मात्र व्ह्यूफाइंडरमध्ये वेग आणि छिद्र हे दोन्ही आकडे दाखवतो. शिकणाऱ्याला आणखी काय हवे? के-१००० मध्ये नुसता काटा हलतो. तरी केएक्स दोनेक वर्षांत बंद झाला आणि शिक्षकांच्या तोंडी बसला तो के-१०००. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. लेन्स दोघांना एकच लागते.

शेवटी आम्ही केएक्स घेतला. या वेळी ‘स्थिती कशी आहे’ असे विचारलेच नाही. तेलपाणी कोणत्या साली केले, कोणी केले आणि शटरचे वेग मोजलेला कागद आहे का, एवढेच विचारले. दोघांनी उत्तर दिले नाही, तिसऱ्याने कागद पाठवला. पुढचे काम सोपे होते. मागचे दार उघडून फोम बोटाला चिकटतो का पाहायचे, बॅटरीच्या खणात हिरवट पूड नाही ना पाहायचे, आणि एक सेकंदावर शटर सोडून घड्याळ लावायचे. १/१००० मात्र डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक रोल खर्ची घालावा, आणि तो घरी पाहुणे असताना घालू नये.

के-१००० टाकलेला नाही. १/५०० वर तो अजून सरळ वागतो. मुलीने वेगाच्या चकतीवर तेवढी खूण केली आहे, आणि ढगाळ दिवशी तोच घेऊन ती बाहेर पडते.