सॉकेटची नोंद कोण ठेवणार?

कृत्रिम पायाचा विषय निघाला की आपल्याला जयपूर फूट आठवतो आणि पाठोपाठ तो घालून नाचणारी सुधा चंद्रन. ही कीर्ती रास्तच आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासारखे शल्यविशारद यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या त्या रबरी पावलामुळे माणूस अनवाणी शेतात उतरू शकला, उकिडवा बसू शकला. पण रोज पाय घालणाऱ्याला विचारा, तो पावलाबद्दल फारसं बोलत नाही. कुठे टोचतं, दुपारनंतर कसं सैल होतं, उन्हाळ्यात घामाने कातडी कशी सोलवटते, हेच तो सांगतो. म्हणजे तो सॉकेटबद्दल बोलत असतो. उरलेला पाय ज्यात बसतो आणि अंगाचा भार ज्यातून जमिनीकडे जातो, तो हा भाग.

पाऊल डायमधून निघतं, एकासारखं दुसरं. सॉकेट एका माणसासाठी एकदाच होतं. म्हणून पावलावर लिहिणं तुलनेने सोपं गेलं. सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्या पावलाची रचना मांडली, आणि ती वाचून दुसऱ्या देशातला माणूस कामाला लागू शकतो. सॉकेटच्या कारागिरीचं असं लेखन फार थोडं झालं, आणि या कलेची आजची सर्वांत मोठी उणीव मला तीच वाटते.

गुडघ्याखालच्या सॉकेटचं काम जवळून पाहिलं की उणीव नेमकी कुठे आहे ते कळतं. उरलेल्या पायावर, म्हणजे स्टंपवर, पातळ मोजा चढवून तंत्रज्ञ खुणेच्या पेन्सिलीने हाडं आखतो: गुडघ्याच्या वाटीची खालची कड, नडगीची धार, बाहेरच्या हाडाचं डोकं. मग ओली प्लास्टरपट्टी गुंडाळून वाटीखालच्या स्नायुबंधावर दोन्ही अंगठे दाबून धरतो. प्लास्टर घट्ट झालं की ते उतरवून त्यात पुन्हा प्लास्टर ओततो आणि पायाची प्रतिकृती हाती येते. खरी कला इथून पुढे. जिथे भार सोसतो तिथे कानशीने घासायचं, म्हणजे सॉकेट तिथे आवळून बसेल. जिथे हाड कातडीलगत आहे तिथे प्लास्टरची भर घालायची, म्हणजे जागा मोकळी राहील. किती मिलिमीटर, ते त्या माणसाच्या मांसावर, वयावर, कामावर ठरतं. त्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं जातं. ते निवलं की आतलं प्लास्टर फोडून काढतात. तंत्रज्ञाने घेतलेल्या निर्णयांचा एकमेव पुरावा अशा रीतीने कचऱ्यात जातो. फाइलमध्ये उरतं नाव, वय, डावा की उजवा आणि तारीख.

हे लिहून ठेवता येत नाही, असं मात्र नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात चार्ल्स रॅडक्लिफ आणि जेम्स फूर्ट यांनी १९६१ साली वाटीखालच्या स्नायुबंधावर भार घेणाऱ्या सॉकेटची पुस्तिका काढली. कुठे घासायचं, कुठे भरायचं, आणि मुख्य म्हणजे का, हे तिच्यात आहे. मांडीला चामडी पट्टा आणि गुडघ्याला लोखंडी सांधे जखडून चालण्यातून असंख्य लोक सुटले, त्यात या पुस्तिकेचा वाटा मोठा. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या पॉलिप्रॉपिलीन पायांच्या पुस्तिकाही अशाच कामाच्या आहेत.

पण ही पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्या माणसापासून सुरू झाली. मांडी घालून बसायचं तर सॉकेटची मागची कड उंच चालत नाही, ती मांडीत रुतते. ती फार उतरवली तर पाय मागे सरकतो आणि वाटीखालचा आधार सुटतो. आपल्याकडचे अनुभवी तंत्रज्ञ या दोहोंतून रोज वाट काढतात, पण ती वाट कागदावर येत नाही. माणूस निवृत्त झाला की विद्याही संपते.

कृत्रिम पाय वाटणाऱ्या शिबिरांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. त्यांनी लाखो माणसांना पायांवर उभं केलं, हे ऋण मोठं आहे. पण मोजली जाते ती वाटलेल्या पायांची संख्या. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत सूज उतरते, स्नायू आक्रसतात आणि पहिल्या दिवशी चपखल बसलेलं सॉकेट ढिलं पडतं. मग एकावर एक मोजे, आणि शेवटी पाय कोपऱ्यात. एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपपासून केलेल्या जयपूर पायांचा होंडुरास, युगांडा आणि भारतात केलेला पाठपुरावा २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात सॉकेटच्या बसणीवर कडक टीका होती. ती झोंबणारी होती, तरी तिचं मोल मोठं, कारण कोणीतरी पाय घेतलेल्या माणसांपर्यंत परत गेलं होतं.

आता स्कॅनर आले. संगणकावर सॉकेट घडवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत हेच फूर्ट पुढे होते. इथे साचा फुटत नाही; मूळ आकार आणि बदललेला आकार दोन्ही जपले जातात, हा फायदा खरा आहे. पण स्कॅनरला पृष्ठभाग दिसतो. अंगठ्याखाली मांस किती दबतं, जुनी जखम कुठे हुळहुळते, हे त्याला कळत नाही. बदल का केला आणि तीन महिन्यांनी त्याचं काय झालं, हे माणसानेच लिहावं लागतं.

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करतं आहे, मुंबईत हाजी अलीची संस्था १९५५ पासून. एवढ्या वर्षांची कारागिरी ज्या राज्यात आहे, तिथल्या तंत्रज्ञांना माझी विनंती आहे: साचा फोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, कुठे किती घासलं ते आणि त्याचं कारण मराठीत दोन ओळी लिहून ठेवा, आणि जे सॉकेट फसलं त्याची नोंद सर्वांत आधी करा. संस्थांनी या कामासाठी पगारी वेळ द्यावा. ते रोग्याच्या उपचारातच धरलं पाहिजे.