अर्ध्यावर थांबलेली वाचने

पवित्र शास्त्रात स्त्रीला कसे वागविले आहे, असा प्रश्न निघाला की दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. एक उत्तर हव्वेपासून सुरू होते आणि संत पौलाच्या पत्रांतील आज्ञांपाशी संपते. दुसरे पवित्र मरियेपासून सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. पहिल्याने आम्हां स्त्रियांच्या पदरी अपराधाची जाणीव पडते, दुसऱ्याने न पेलणारा आदर्श. या दोन टोकांच्या मध्ये शास्त्रात कितीतरी स्त्रिया वावरतात, बोलतात, भांडतात, निर्णय घेतात. त्यांची आणि आमची गाठ क्वचितच पडते. ती का पडत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या घराघरांत बायबल आहे. परंतु बहुसंख्य कॅथलिक भाविकांपर्यंत शास्त्र पोहोचते ते मिस्सेतील वाचनांतून, म्हणजे कानांवाटे. व्हॅटिकन परिषदेने शास्त्राचे भांडार भाविकांसाठी अधिक खुले करावे असे सांगितले आणि त्यानुसार १९६९ साली नवी वाचनमाला सिद्ध झाली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात आणि इतर दिवसांची पहिली वाचने दोन वर्षांच्या चक्रात बसविण्यात आली. पूर्वीच्या मानाने ही समृद्धी फार मोठी आहे, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि निवड म्हटली की वगळणे आलेच. आणि काय वगळले, हे पाहिल्यावाचून निवडीचे मोल कळत नाही.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री आपल्या परिचयाची आहे. सामान्यकाळातील तेहेतिसाव्या रविवारी, ‘अ’ वर्षी, तिचे वर्णन वाचले जाते. पतीला तिचा भरवसा वाटतो, ती सूत कातते, गरिबाला हात देते, देवाचे भय बाळगते. हे सारे खरेच. पण मूळ काव्यात ती शेत पाहून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रे विणून व्यापाऱ्यांना विकते आणि तिच्या तोंडी शहाणपणाचे बोल असतात. ही कडवी वाचनातून गळली आहेत. चरख्यापाशी बसलेली बाई तेवढी राहिली आणि व्यवहार जाणणारी बाई बाहेर गेली. ज्यांच्या आया-आज्यांनी भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठले, मासळी विकून संसार उभे केले, त्या आम्हां स्त्रियांना तर नेमकी हीच बाई ओळखीची वाटली असती!

योशिया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो खरोखर देवाचा शब्द आहे काय, हे विचारण्यासाठी प्रमुख याजक स्वतः हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे गेला. तिने दिलेल्या उत्तरावर साऱ्या राष्ट्राचे पश्चात्तापपर्व उभे राहिले. बाराव्या सप्ताहातील बुधवारी हे प्रकरण वाचले जाते, मात्र हुल्देची सात वचने मधून उचलून. ग्रंथ सापडतो आणि राजा करार करतो. मधली बाई दिसतच नाही. फारोची आज्ञा मोडून इब्री बालकांना वाचविणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणींचेही तेच झाले आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील जुलूम वाचला जातो, त्याला झालेला पहिला विरोध वाचला जात नाही.

सर्वांत बोचणारे उदाहरण शास्ते या पुस्तकातील आहे. इस्राएलचा न्याय करणाऱ्या दबोरेची कथा रोजच्या वाचनांत नाही. इफ्ताहाच्या कन्येची मात्र आहे. बापाने घाईने केलेल्या नवसापायी ती बळी जाते आणि बापाने नवस फेडला, या वाक्यावर वाचन संपते. त्यापुढे शास्त्रकार लिहितो, की इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करण्यास जात. पवित्र लेखकाने त्या मुलींचे अश्रू नोंदवून ठेवले. वाचनमालेने ते गाळले. आम्ही असे म्हणतो, की शास्त्र येथे वाचनमालेपेक्षा अधिक दयाळू आहे. त्या अश्रूंवाचून ती कथा केवळ आज्ञाधारकतेचा धडा होऊन बसते, आणि असा धडा आमच्या मुलींनी कोणत्या अर्थाने घ्यावा?

नव्या करारातही हेच घडते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरच्या अध्यायात संत पौल सर्वप्रथम फिबीची शिफारस करतो. ती किंख्रियातील मंडळीची सेविका असून तिने पुष्कळांना, प्रत्यक्ष पौलालाही, आधार दिला होता. वाचन सुरू होते तिसऱ्या वचनापासून. फिबी पहिल्या दोन वचनांत आहे. येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीविषयी तर प्रभूने स्वतः सांगितले होते, की जेथे जेथे सुवार्ता गाजविली जाईल तेथे तेथे तिचे हे कृत्य तिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल. झावळ्यांच्या रविवारी, ‘अ’ वर्षी, मत्तयाचे दुःखसहन तिच्या कथेनंतर, यहूदाच्या सौद्यापासून सुरू होते. ‘ब’ वर्षी मार्काचे दुःखसहन संपूर्ण वाचले तर ती भेटते, संक्षिप्त वाचले तर नाही. विश्वासघात करणारा स्मरणात राहतो आणि प्रेम करणारी वेळेअभावी मागे पडते.

मरिया माग्दालेनेवरील अन्याय तर जुनाच. थोर पोप ग्रेगरी यांनी ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात तिला लूकच्या शुभवर्तमानातील अनामिक पापिणीशी एकरूप केले आणि पाश्चात्त्य ख्रिस्तसभेने ते शतकानुशतके प्रमाण मानले. शास्त्रात याला आधार नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिच्या २२ जुलैच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला, ही मोठीच भरपाई होय. तरीही पुनरुत्थानाच्या रविवारी दिवसाच्या मिस्सेत योहानाचे वाचन नवव्या वचनाशी थांबते. दोन शिष्य रिकामी कबर पाहतात. प्रभू मरियेला नावाने हाक मारतो, तो प्रसंग मंगळवारी वाचला जातो. जागरणविधीच्या शुभवर्तमानांत कबरीपाशी आलेल्या स्त्रिया आहेत, हे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या सकाळी देऊळ तुडुंब भरते, त्या सकाळी पहिल्या साक्षीदाराची साक्ष ऐकू येत नाही.

याच्या उलट, पत्नींनी पतींच्या अधीन असावे हे वचन मात्र आमच्या चांगलेच कानी पडले आहे. इफिसकरांस पत्रातील त्या उताऱ्याची सुरुवात सर्वांनी परस्परांच्या अधीन असण्याने होते आणि त्यातील अधिक मोठा भाग पतीच्या कर्तव्याचा आहे: ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी प्राण दिला, तसे प्रेम त्याने करावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ च्या स्त्रीविषयक पत्रात ही अधीनता परस्परांची आहे, एकतर्फी नव्हे, असा स्पष्ट अर्थ लावला. मात्र नवऱ्याचा मार सोसून मिस्सेला आलेल्या स्त्रीला प्रवचनातून हा अर्थ सांगितला गेला नाही, तर ते एकच वचन ती घरी घेऊन जाते. त्या घरी त्याचा उपयोग कोण कसा करील, हे सांगावयास नको.

आम्हांला शास्त्र सोयीचे करून घ्यावयाचे नाही. त्यात आम्हांला जाचणारी वचने आहेत, भयंकर कथा आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात. दुःख आहे ते अर्धवट ऐकविले जाण्याचे. वाचनमाला करणाऱ्यांच्या मनात दुजाभाव होता असे आम्ही म्हणत नाही. वेळेची मर्यादा होती, पुरुषांचीही कितीतरी प्रकरणे गळली आहेत. तथापि परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

शास्त्र पूर्ण ऐकल्याने काय घडते, याचा दाखला मराठीतच आहे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. असे का करता, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांना योहानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. भारतातील दलित-पीडित स्त्रीला वर काढणारा हाच, अशी त्यांची खात्री पटली. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण त्यांच्या तहानेशी आमचे नाते आहे.

२०२१ पासून वाचकाची सेवा रीतसर स्त्रियांसाठीही खुली झाली आहे. म्हणजे वाचनपीठावर आता स्त्रीचा आवाज अधिकाराने उमटू शकतो. त्या आवाजाला पूर्ण अध्याय मिळणे बाकी आहे. वाचनमाला बदलणे आपल्या धर्मग्रामाच्या हाती नाही; पण जेथे संपूर्ण वाचनाची मुभा आहे तेथे संक्षिप्त वाचन टाळणे धर्मगुरूंच्या हाती आहे, आणि वगळलेल्या स्त्रीचे नाव प्रवचनात घेणेही. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रविवारच्या वाचनाच्या मागची-पुढची वचने मुलांना वाचून दाखविणे तर आपल्या सर्वांच्याच हाती आहे. इफ्ताहाच्या कन्येसाठी निदान एवढे तरी आपण करू या.