संकेत एक, अर्थ अनेक : बिझीबॉक्समधील 'इनिट'ची चिकित्सा

एम्बेडेड लिनक्सवर चालणारे एखादे राउटर किंवा मापनयंत्र सुरू होते, तेव्हा कर्नल 'इनिट' हा प्रोग्राम प्रक्रिया क्रमांक १ म्हणून चालवतो. क्रमांक १ ने ज्या संकेताची हाताळणी स्वतः नेमलेली नाही, तो संकेत कर्नल निष्प्रभ ठरवतो. एरवी अनिवार्य असणारा 'सिगकिल'ही त्यास अपवाद नाही. साहजिकच, कोणत्या संकेताचा काय अर्थ घ्यावा, हे इनिटचा रचनाकारच ठरवतो.

१९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी आरंभिलेल्या बिझीबॉक्समधील इनिट 'सिगयूएसआर१' मिळताच यंत्रणा थांबवते, 'सिगयूएसआर२' मिळताच वीजपुरवठा बंद करते आणि 'सिगटर्म' मिळताच यंत्र पुन्हा सुरू करते. 'सिस्टमडी' मात्र त्याच 'सिगटर्म'वर केवळ स्वतःला नव्याने कार्यान्वित करते. यंत्र चालूच राहते. 'सिगटर्म म्हणजे प्रक्रियेची समाप्ती' हा वर्गात शिकवला जाणारा अर्थ येथे दोन्हीकडे अपुरा पडतो.

बिझीबॉक्सच्या रचनेतील काटकसर स्वागतार्ह आहे. अत्यल्प स्मृतीच्या उपकरणात आज्ञेसाठी वेगळी संदेशवाहिनी उभारावी लागत नाही. आक्षेप आहे तो पुढील टप्प्यावर. बंद होताना इनिट सर्व प्रक्रियांना 'सिगटर्म' पाठवते, सुमारे एक सेकंद थांबते आणि मग 'सिगकिल' पाठवते. ज्या प्रक्रियेचे फ्लॅश स्मृतीवरील लेखन या अवधीत पूर्ण होत नाही, तिची नोंद अर्धवट राहू शकते. डेस्कटॉप संगणकासमोर माणूस बसलेला असतो. दूरवरच्या मापनयंत्रासमोर कोणीही नसतो. तेथे ही हानी कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय याच रचनेत आहे. 'इनिटटॅब' फाइलमधील 'शटडाउन' या प्रकारच्या ओळी संकेत पाठवण्यापूर्वी चालतात आणि त्या पूर्ण होईपर्यंत इनिट वाट पाहते. मात्र या प्रतीक्षेला कालमर्यादा नाही. तेथील स्क्रिप्ट अडकली, तर यंत्रही अडकते. एकीकडे एक सेकंदाची घाई, तर दुसरीकडे अमर्याद प्रतीक्षा, असा हा असमतोल आहे.

तात्पर्य, नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी बिझीबॉक्सने उपकरण घडवणाऱ्यावर सोपवली आहे. ती त्याने जाणीवपूर्वक स्वीकारावी, यासाठी कार्यप्रणालीच्या अध्यापनात संकेतांच्या तक्त्याइतकेच महत्त्व, तो संकेत ग्रहण करणाऱ्या प्रक्रियेच्या वर्तनालाही दिले गेले पाहिजे.