टँकर किती लांब होता?

उपनगरातल्या कॉलेजांत मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो : 'फकिरा' कादंबरीचे रसग्रहण करा. पोरं गाईडातनं चार मुद्दे घोकतात. कथानक, व्यक्तिचित्रण, भाषाशैली, सामाजिक आशय. दहातले सहा मार्क पडतात आणि अण्णा भाऊ साठे संपतात. आता गंमत बघा. त्याच वर्गात एखादा पोरगा घाटकोपरच्या चिरागनगरातनं आलेला असतो. अण्णा भाऊ ह्याच चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले, इथंच लिहीत बसले. पण त्या पोराला कुणी म्हणत नाही, की बाबा, तुझ्या गल्लीवर एक पान लिहून आण. माझं भांडण इथनं सुरू होतं.

मी रविवारी एका विहारात घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींना लिहायला शिकवतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही. म्हणणं एवढंच, की लिहायला शिकायचं तर आपल्या शाहिरांकडनं, आपल्या नाटकांकडनं, आपल्यावरच्या सिनेमांकडनं शिकावं. कारण ही कला आधी नीट बघायला लावते आणि मग बोलायला. कॉलेजनं ती रसग्रहणात गाडली. आणि कडू वाटेल, पण आपण ती घोषणेत गाडली.

आधी कॉलेजचं बोलू. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटाची लावणी गायली होती. अण्णा भाऊंनी तोच घाट उचलला आणि 'मुंबईची लावणी' लिहून तिला उत्तर दिलं. कसं दिलं? जागा दाखवून. मलबार हिल कुठं, परळ कुठं, वर कोण राहतो, खाली कोण राबतो. शहराचा नकाशाच त्यांनी ऐकणाऱ्यापुढं पसरला. ही लेखनाची पद्धत आहे, ती शिकवता येते. मी वर्गात मुलुंडच्या टॉवरांची जाहिरात वाचून दाखवली. निसर्ग, शांतता, क्लब हाऊस. म्हटलं, ह्याच चालीत उत्तर लिहा. एका पोरीची आई तसल्याच टॉवरात धुणंभांडी करते. तिनं लिहिलं : मेन लिफ्ट साहेबांना आणि त्यांच्या कुत्र्याला, सर्व्हिस लिफ्ट कचऱ्याला आणि माझ्या आईला. सगळं मिळून अकरा ओळी. 'शोषण' हा शब्द एकदाही आला नाही. अख्खा वर्ग गप्प झाला.

कुणी म्हणेल, हे फॅड आहे, कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम. मग मिलिंद महाविद्यालयाचं काय? बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला ते काढलं. तिथं म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' नाटक १९५५ साली खुद्द बाबासाहेबांसमोर झालं. पुढं म. ना. वानखेड्यांनी त्याच आवारात अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची चर्चा पोरांत पेरली. १९६८ पासून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' पहिल्या पिढीच्या लिहिणाऱ्यांचं हक्काचं पान झालं. तिकडं न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सिटी कॉलेजात साधारण त्याच काळात जून जॉर्डन, ऑड्री लॉर्ड, टोनी केड बंबारा ह्या काळ्या लेखिका गरीब वस्त्यांतनं आलेल्या पोरांना लिहायला शिकवत होत्या. १९७२ साली मुंबईत पँथरनं आपलं नाव कुठनं घेतलं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे समाज बदलण्याच्या कामाला कॉलेजचा लेखनाचा वर्ग जोडणं ही आपलीच जुनी वाट आहे. तिच्यावर गवत वाढलं, एवढंच.

आता आपलं बोलू. दरवर्षी ११ जुलै येतो. रमाबाई नगरच्या शहिदांना अभिवादन म्हणून पत्रकं निघतात, लेख येतात. मी ती जमवून वर्गात नेली आणि पोरांना म्हटलं, ह्यातली विशेषणं पेन्सिलीनं खोडा. नृशंस, अमानुष, मनुवादी, रक्तपिपासू. खोडून झाल्यावर काही पत्रकांत तारीख आणि 'जयभीम' एवढंच उरलं. मेलेल्यांची नावं नाहीत. गोळी कुठं उभ्या असलेल्या माणसाला लागली ते नाही. किती वाजता, कुठल्या बाजूनं, ते नाही. दोस्तांनो, ह्याला मी विद्रोह म्हणायला तयार नाही. हे आपलं रसग्रहणच झालं.

कारण ते प्रकरणच मुळात दोन कथनांचं आहे. ११ जुलै १९९७ ला सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलानं गोळीबार केला, दहा माणसं मारली. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या. सरकारी बाजूनं लगेच गोष्ट रचली : हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, अनर्थ टाळायला गोळी चालवावी लागली. गोष्ट चांगली बांधलेली होती. तिच्यात धोका होता, नायक होता, वाचलेली मुंबई होती. तिच्यापुढं आपली विशेषणं काय करणार? तिला पाडायला एकच प्रश्न लागत होता. टँकर किती लांब होता?

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा प्रश्न धरून बसतो, म्हणून मी तो सिनेमा लेखनाचं पाठ्यपुस्तक मानतो. टँकर कुठं, माणसं कुठं, व्हिडिओतला कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा, हे तो आवाज न चढवता लावून दाखवतो. बघणाऱ्याच्या मुठी आपोआप वळतात. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयानं उपनिरीक्षक मनोहर कदमला जन्मठेप सुनावली, पुढं हायकोर्टातनं त्याला जामीनही मिळाला. न्याय झाला असं कोण म्हणेल? पण जेवढं हाती आलं, ते साक्षींनी, अंतरांनी, वेळांनी आलं.

दुसरा धडा विलास घोगरेंचा. मुलुंडच्या झोपडीत राहणारा हा शाहीर गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, स्वतःचा जीव देऊन गेला. आयुष्य लाल झेंड्याखाली गाण्यात गेलं, जाताना डोक्याला निळं फडकं होतं. आपल्याकडं लगेच हुतात्म्याचा पुतळा उभा झाला असता. सिनेमा तसं करत नाही. त्यांच्याच संघटनेनं त्यांना दूर केलं होतं, गरिबीत पैशांसाठी ते दुसऱ्यांकडं गायले होते, हेही सांगतो. त्यानं घोगरे लहान होत नाहीत. उलट आपल्याला विचारावं लागतं, की चळवळ आपल्या गाणाऱ्याच्या चुलीकडं बघते का? आपल्या माणसावर खरं लिहिणं हे शत्रूवर लिहिण्यापेक्षा अवघड आहे. वर्गात सगळ्यात जास्त वेळ ह्याच्यावर जातो.

सिनेमाची मर्यादाही सांगतो. चौदा वर्षं चित्रण केलं, मेहनत अफाट आहे, पण कॅमेरा त्यांचा, जुळणी त्यांची. आपण त्यात गातो, रडतो, साक्ष देतो. आपल्या बोलण्याचा क्रम मात्र दुसऱ्यानं लावला. त्यांचा ह्यात दोष नाही. पण लेखनात क्रम लावणारा तोच लेखक. पंचवीस-तीस वर्षांत रमाबाई नगरातल्या एखाद्या पोरीनं त्या सकाळचा क्रम स्वतः लावलेलं पुस्तक आपल्या प्रत्येक वाचनालयात असायला हवं होतं.

काही कार्यकर्ते म्हणतात, हे तर पत्रकाराचं काम, साहित्य कुठंय? अण्णा भाऊंच्या लावणीत नकाशा आहे आणि ती साहित्य आहे. मग आपल्या गल्लीच्या नकाशाला काय झालं? काही म्हणतात, घोषणा सोडायची का? मुळीच नाही. मोर्चात ती मीही देतो. पण पानावर ती शेवटी यावी, पुराव्याच्या मागनं. आधीच दिली तर वाचणारा पुढचं वाचत नाही, आणि लिहिणारा पुढचं शोधत नाही.

आता घाई करायला हवी. रमाबाई नगरात पुनर्विकास आला आहे. घरं पडतील, गल्ल्या जातील, टॉवर होतील. पुतळ्यापासून हायवे किती पावलं, कुणाच्या दारात कोण पडलं, पाण्याचा नळ कुठं होता, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं ट्रान्झिटच्या खोल्यांत पांगतील. मग सरकारी कागदावरची वस्ती तेवढी उरेल.

तर कॉलेजच्या पोरापोरींनो, एक पान लिहा. गल्लीचं नाव, पावलं मोजून अंतर, एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं त्याच्याच शब्दांत, तारीख, वेळ. त्याला विचारून, त्याला वाचून दाखवून मग पाठवा. पुढच्या अंकात छापू. नुसती विशेषणं भरलेली असली तर पान परत येईल, पेन्सिलीसकट.

जयभीम.