ग्रेस आर्चरची फुले कोणाच्या पत्त्यावर गेली?

२२ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या नभोमालिकेत ग्रेस आर्चर मेली. तबेल्याला आग लागली होती, ती बाहेर सुखरूप आली होती आणि ‘मिडनाइट’ नावाच्या घोडीला सोडवायला पुन्हा आत गेली. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. नवऱ्याच्या, फिलच्या मिठीत, इस्पितळाच्या वाटेवर तिने प्राण सोडला. बीबीसीचे फोन खणखणत राहिले, पत्रांचा ढीग पडला, फुले आली.

नभोवाणीच्या इतिहासात ही हकिगत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. भाबडा श्रोता, त्याला खरे-खोटे कळेना, नसलेल्या बाईसाठी रडला. मला हे वाचन आळशी वाटते. ग्रेसचे अँब्रिज आणि शेजारचे बोर्चेस्टर ही गावे नकाशावर नाहीत. फुले पाठवणाऱ्यांनी ती बीबीसीच्या पत्त्यावर पाठवली, रागावणाऱ्यांनी फोन बीबीसीलाच केले. ग्रेसला कोणी मारले हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शिवाय विश्वास ठेवायला शिकवले कोणी? १९५१ च्या १ जानेवारीला देशभर सुरू झालेली ही मालिका युद्धोत्तर टंचाईच्या काळात शेतकऱ्यांना नव्या पद्धती समजाव्यात, पीक वाढावे म्हणून रचलेली होती. कृषी खात्याचा सल्ला तिच्यामागे होता. आर्चर कुटुंब शेतीबद्दल बोलते ते खरे माना, अशी संस्थेचीच अपेक्षा. चार वर्षे रोज पंधरा मिनिटे तसे मानल्यावर त्याच कुटुंबातली सून गेली तेव्हा श्रोत्यांनी मात्र हे खोटे आहे म्हणून स्वस्थ बसावे, ही अपेक्षा जरा जास्तच. (मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आपल्याकडे घरचेच झाले होते, ते लेखकाने रचलेले आहेत हे कळत नव्हते म्हणून नव्हे.)

त्याच रात्री लंडनमध्ये आयटीव्ही ही पहिली व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली. मृत्यूचा मुहूर्त त्यासाठी निवडला होता, हे आता सर्वमान्य आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ग्रेसने आयटीव्हीची जागा खाल्ली. म्हणजे श्रोत्यांचे रडणे हा या योजनेचा मुख्य भाग होता.

श्रोता किती चिकित्सक असतो याचा पुरावा पुढच्या एका मृत्यूत सापडतो. २ जानेवारी २०११ रोजी, मालिकेच्या साठाव्या वाढदिवसाच्या भागात नायजेल पार्जेटर छतावरचा फलक काढताना घसरून पडला. दुःख झाले, संतापही झाला. आणि काही श्रोत्यांनी त्याच्या किंकाळीची लांबी मोजून छत किती उंच असायला हवे याचा हिशेब मांडला. रडणारे कान आणि मोजणारे कान वेगळ्या माणसांचे असतात असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्या फुलांच्या ढिगात झाकली गेली. ग्रेसचा आवाज इझॅन चर्चमन या अभिनेत्रीचा होता. स्त्री कलावंतांना पुरुषांइतका मोबदला मिळावा, कलावंतांच्या संघटनेचे नियम पाळले जावेत, असा त्यांचा आग्रह होता. मालिकेचे जनक गॉडफ्रे बेझली यांनी आपले पात्र मारले ते याच रागातून, असे त्यांनी पुढे सांगितले. हे त्यांचे म्हणणे आहे, आणि बेझलींची बाजू वेगळी असणार. पण आयटीव्हीच्या कारणाने मुहूर्त कळतो. मरण्यासाठी ग्रेसच का निवडली गेली, हे कळत नाही. चर्चमन यांचे म्हणणे मला म्हणूनच दुर्लक्षिण्यासारखे वाटत नाही. श्रोत्यांनी पात्रासाठी फुले धाडली तेव्हा एका बाईची नोकरी गेली होती.

चर्चमन पुढे याच मालिकेत परतल्या, मेरी पाउंड या शेतकऱ्याच्या बायकोच्या भूमिकेत. २०२४ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.