अंतर्रचनेच्या महाविद्यालयीन शिक्षणाची भाषा : एक परीक्षण

भाषाविषयक संशोधनाच्या पत्रिकेत ‘इंटीरियर डिझाईन’च्या शिक्षणाचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. ही विद्या कलाशाळेची, वास्तुविद्येच्या महाविद्यालयाची. तिचे कलात्मक गुणदोष सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही व तो येथे घेतलेलाही नाही. परंतु कोणतीही विद्या शिकविली जाते ती शब्दांच्या द्वारे, आणि ह्या विद्येच्या बाबतीत तर ज्या शब्दांनी ती शिकविली जाते त्याच शब्दांवर पुढे विद्यार्थ्याचा चरितार्थ चालणार, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत खरे आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम नावाविषयी. ‘गृहसजावट’ आणि ‘अंतर्गत सजावट’ हे दोन शब्द आपल्याकडे रूढ आहेत. दोहोंतही ‘सजावट’ आहे, म्हणजे आधी वस्तू तयार आहे व मग ती नटवावयाची आहे, असा अर्थ आहे. हा अर्थ ‘डेकोरेशन’चा आहे, ‘डिझाईन’चा नव्हे. शिवाय मराठीत ‘अंतर्गत’ हे विशेषण अंतर्गत मतभेद, अंतर्गत परीक्षा अशा अमूर्त गोष्टींना लागते; घराच्या आतील जागेला ते लावले की कानाला काहीसे कचेरीचे वाटते. ‘अंतर्रचना’ हा शब्द त्या मानाने बरा, म्हणून येथे तोच वापरला आहे. (संस्कृताच्या संधिनियमाप्रमाणे दोन रेफ एकत्र आले की पहिला लोपून पूर्वीचा स्वर दीर्घ होतो, ‘नीरस’, ‘नीरोग’ हे शब्द तसेच झाले. त्या हिशेबाने हा शब्द ‘अंतारचना’ व्हावयास हवा. परंतु ज्या मराठीने ‘पुनर्रचना’ पचविली, ती हाही पचवील.)

नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वर्गातील भाषेचा आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात ह्या विषयाच्या विद्यार्थ्यांना भाषेचा पूरक अभ्यासक्रम शिकविण्याचा योग मला आला होता. वर्षाखेर होणाऱ्या मौखिक परीक्षणास, ज्यास तेथे सर्वजण ‘ज्यूरी’ म्हणतात, मी मागच्या बाकावर बसून होतो. एका विद्यार्थ्याने लहान सदनिकेतील भिंतीच्या कपाटाची रचना मांडली होती. त्याचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले. वडील सुतारकाम करणारे. कपाटाचे दार सरकते का ठेवले, असे इंग्रजीत विचारले गेले. तो क्षणभर थांबला व म्हणाला, “पलंगामुळे उघडत्या दाराला वाव राहत नाही.” ह्यावर पुन्हा इंग्रजीतच ‘कन्सेप्ट’ काय, असे विचारण्यात आले. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. गुणपत्रिकेवर विचारांची मांडणी दुबळी असल्याचा शेरा पडला.

माझ्या मते त्या दिवशी त्या खोलीत उच्चारला गेलेला सर्वांत नेमका पारिभाषिक शब्द ‘वाव’ हाच होता. वस्तू हलावी म्हणून तिच्याभोवती ठेवलेली मोकळी जागा, हा त्याचा मूर्त अर्थ. त्यावरूनच ‘शंकेस वाव’, ‘बोलण्यास वाव’ हे लाक्षणिक प्रयोग निघाले. ‘क्लिअरन्स’ ह्या शब्दाने जे सांगावयाचे ते सर्व त्यात आहे. तो शब्द इंग्रजीत आला असता तर त्यास गुण मिळाले असते. मराठीत आला म्हणून तो बोली ठरला.

मापांचे उदाहरण अधिक बोलके आहे. वजनमापांचा दशमान कायदा भारतात 1956 साली झाला. महाविद्यालयातील आराखडे मिलिमीटरमध्ये काढले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु प्लायवूडचा पत्रा बाजारात आजही आठ बाय चार म्हणूनच मागितला जातो, आणि सुतार त्याची जाडी सुतात सांगतो. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी, आणि सहा सूत म्हणजे 19.05 मिलिमीटर. आराखड्यात 18 लिहिले व कामावर सहा सूत समजले गेले, तर एका फळीमागे एक मिलिमीटर वाढतो. आठ उभ्या फळ्यांच्या भिंतभर कपाटात तो सुमारे आठ मिलिमीटर होतो, आणि शेवटचा खण बसत नाही. ही चूक गणिताची नव्हे. एका परिभाषेतून दुसरीत जाताना झालेली ही चूक आहे, म्हणजे सरळसरळ भाषांतराची. ती टाळण्याचे शिक्षण कोणत्या तासाला मिळते, असे मी त्या विद्यार्थ्यांना विचारले होते. “नोकरीत,” असे उत्तर आले.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. वरील विवेचनावरून कोणी संस्कृत धातू हाती घेऊन कोश रचावयास बसेल तर ते दुसरे संकट होईल. ‘फॉल्स सीलिंग’ला ‘मिथ्या छत’ म्हटल्याने कोणाचेही भले होणार नाही. जी वस्तू नवी आली ती आपले नाव घेऊन येते. तिला येऊ द्यावे. उलट, वस्तू गेली की शब्दही जातो. कोनाडा होता, कारण भिंत हातभर जाड होती. काँक्रीटच्या सांगाड्यात साडेचार इंची विटांची भिंत आली आणि कोनाड्यास जागाच उरली नाही. त्याबद्दल हळहळून उपयोग नाही. परंतु देवघर, कोठीघर, न्हाणीघर ह्या नावांत खोलीचे काम सांगण्याची जी रीत आहे ती अभ्यासण्यासारखी आहे; आणि चाळीतील ‘खोली’ ह्या एकाच शब्दात दिवसा बैठक, दुपारी अभ्यासिका व रात्री शयनगृह सामावते, ही गोष्ट तर जागेच्या नियोजनाचा पहिला धडा म्हणून शिकविता येईल. ‘लिव्हिंग’, ‘डायनिंग’, ‘बेडरूम’ अशा चौकटी आखून सुरुवात करणाऱ्या पाठाला ही खोली दिसतच नाही.

भारतातील डिझाईनशिक्षणाचा मूळ दस्तऐवज म्हणून चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याच्या 1958 च्या अहवालाचा उल्लेख होतो. त्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या अहवालातील लोट्याचे विवेचन प्रसिद्ध आहे. पाणी किती मावावे, ते डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावे, अशा प्रश्नांच्या मालिकेतून त्यांनी एका साध्या भांड्यामागील पिढ्यांची बुद्धी उलगडली. हे लेखन मला मनापासून आवडते. तथापि भाषेच्या अभ्यासकास त्या मालिकेपुढे आणखी एक प्रश्न सुचतो : ह्या वस्तूस वापरणारे काय म्हणतात? मराठी घरात तिला तांब्या म्हणतात, तांब्याचा म्हणून. आणि तो स्टीलचा झाला तरी तांब्याच राहिला. म्हणजे धातू बदलला तरी टिकणारे असे काही तरी ह्या वस्तूत आहे, व ते घाट आणि उपयोग हे आहे, असा निर्णय भाषेने अगोदरच देऊन ठेवला आहे. ईम्सनी जो धडा प्रश्नांनी दिला, तोच ह्या एका शब्दातही आहे.

एक आक्षेप गंभीर आहे. मुंबई-पुण्याच्या कामावर आज भेटणारा सुतार पुष्कळदा राजस्थानचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो. मग मराठी परिभाषेचा आग्रह कशाला? पण त्याचे शब्द तरी पाहावेत. आपला गुण्या त्याच्या तोंडी गुनिया होतो, आपला रंधा त्याचा रंदा होतो (आणि दोघांचाही मूळ फारसी), सूत तर दोघांचे एकच. कारागिरांची ही भाषा प्रांतांच्या सीमा ओलांडून वाहत आलेली आहे. ती शुद्ध नाही, व शुद्ध नसल्यामुळेच उपयोगी आहे.

चरितार्थाच्या दृष्टीने ह्या गोष्टीस आणखी एक बाजू आहे. 1972 च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ह्या पदनामास संरक्षण मिळाले. अंतर्रचनाकारास तशी वैधानिक नोंदणी नाही. अर्थात पदवी हातात आली तरी तिच्यामागे कायद्याची भिंत उभी राहत नाही. घरमालकिणीस ओट्याची उंची पटवून देणे, सुतारास आराखडा समजावणे आणि कचेरीस इंग्रजीत अंदाजपत्रक लिहून देणे, ही तिन्ही कामे ज्यास येतात तोच टिकतो. महाविद्यालय तिसऱ्याची परीक्षा घेते.

अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021–22 पासून मोकळीक दिली आहे. अंतर्रचनेचा प्रश्न आज ना उद्या येईल, व तेव्हा पाठ्यपुस्तकांची भाषांतरे करण्याची घाई होईल. त्याआधी एक लहानसा प्रयोग करून पाहता येईल. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक आठवडा चालू कामावर बसावे, एका कपाटाचे संपूर्ण वर्णन सुताराच्या शब्दांत व त्याच्या मापांत लिहून घ्यावे, त्याचेच आराखड्याच्या भाषेत रूपांतर करावे, आणि तो आराखडा दुसऱ्या सुताराच्या हाती द्यावा. कपाट बसले की नाही, हे परीक्षकाने जाऊन पाहावे. ह्या कामास गुण किती ठेवावेत, हे अभ्यासमंडळाने ठरवावयाचे आहे.